मामीच्या सायकलचा दिवा

आमच्या मामांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. पंक्चरही काढतात, पण तेव्हा चेहरा असा, की कुणीतरी लग्नाला बोलावून भांडी घासायला बसवलंय. डायनामोचा, म्हणजे चाकाच्या फिरण्यावर लागणारा, दिवा बिघडलेली सायकल आली की मात्र स्वारी खूश. आधी बल्ब काढून टॉर्चच्या सेलला लावून बघायचा, मग वायर, मग डायनामो, आणि हे चालू असताना गिऱ्हाइकाला झापायचं. करंट वायरीतून दिव्याकडे जातो आणि सायकलच्या लोखंडातून डायनामोकडे परत येतो. जाणारी वायर सगळे बघतात, परतीची वाट कुणी बघत नाही, हे त्यांचं ठरलेलं प्रवचन. रंग ही वाट अडवतो, म्हणून डायनामोचा क्लॅम्प बसतो तिथला रंग ते बेधडक खरवडतात, सायकल नवी कोरी असली तरी. मालक कळवळला, तर शोभा हवी की उजेड, असं त्यालाच विचारतात.

यंदा मामीला कपडे शिवण्याच्या कारखान्यात संध्याकाळच्या शिफ्टचं काम मिळालं. मुली आपापल्या घरी गेल्यापासून तिला घर खायला उठत होतं. कारखाना कालव्यापलीकडे, वाटेवर एक दिवा नाही आणि परतताना बसही नाही. सोमवारी हजर व्हा, नाहीतर दुसरी बाई तयार आहे, असं सुपरवायझर बाईंनी बजावलं होतं. मामा यावर हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत, आणि मामांसारख्या बडबड्या माणसाचं गप्प बसणं घरभर ऐकू येतं. पण मामीची जुनी सायकल त्यांनी दुकानात नेली, सुटी करून घासली आणि तिला हिरव्या रंगाचे दोन-तीन हात दिले. सायकल इतकी देखणी झाली, की मामी तिला हात लावण्याआधी पदराला हात पुसायची.

फक्त दिवा लागेना.

मामांनी बल्ब बदलला, वायर बदलली, दुसऱ्या सायकलचा चालू डायनामो काढून हिला लावला. छे! शेजारचा घड्याळजी अधूनमधून डोकावून विचारायचा, काय दिवे लावलेत आज? मामा त्याच्यावर पाना उगारायचे. सोमवार उजाडला तरी दिवा ढिम्म.

"गावभरचे दिवे लागतात यांच्या हातून," मामी मला म्हणाली, "माझाच तेवढा लागत नाही. मला काही कळत नाही असं वाटतं का यांना?"

खरं सांगायचं तर मलाही तोच संशय होता आणि मामांचा चांगलाच राग आला होता. दिवस मावळायला आल्यावर मामी डब्याची पिशवी घेऊन तडक दुकानात गेली. मीही मागोमाग गेले. मामा खाली बसून चाक फिरवत होते. तिने सरळच विचारलं, मी जाऊ नये म्हणून चाललंय ना हे? मामांचे कान लाल झाले, पण ते चाकच फिरवत राहिले. मग मामी त्यांच्याशेजारी उकिडवी बसली, क्लॅम्पवरून बोट फिरवलं आणि त्याखालून डोकावणारं काळं काहीतरी नखाने ओढलं.

"हे काय?"

ट्यूबचा तुकडा होता, कडा नीट गोल कापलेल्या.

"रंगाला ओरखडा पडू नये म्हणून..." मामा बोलता बोलता थांबले. रबरातून करंट जात नाही, हे उभ्या गावाला ओरडून सांगणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने परतीची वाट बंद केली होती. मला हसू फुटलं. मामी हसली नाही. तिने त्या तुकड्याच्या गोल कडेवरून बोट फिरवलं, आणि मग तिचा आवाजच बदलला.

"अहो, खरवडा तो रंग."

"तुझी सायकल आहे."

"म्हणूनच म्हणते."

मामांनी कानस घेतली. इतक्या हळू हाताने रंग काढताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. क्लॅम्प लोखंडावर घट्ट बसला, चाक फिरलं आणि दिवा लागला. मामा उठले नाहीत.

"तू जाऊ नयेस असं मला वाटतं," ते खाली बघूनच म्हणाले. "संध्याकाळी रिकाम्या घरी जायचं जिवावर येतं. पण दिवा मी नव्हता बंद पाडला."

"कळलं ते," मामी म्हणाली. "जेवण झाकून ठेवलंय. गरम करून घ्या."

ती निघाली तेव्हा अंधारायला लागलं होतं. आम्ही दारात उभे होतो. कालव्याच्या वळणाशी तिचा वेग कमी झाला आणि दिवा मंदावला. मामा एक पाऊल पुढे झाले, ती परत फिरते की काय म्हणून. दिवा पुन्हा लखलखीत झाला आणि पुलावर चढला.