ट्रामच्या मोरीवरचं घर

मागच्या खोलीतली फरशी मधोमध पोकळ वाजायला लागली तेव्हा मी आधी गवंड्याच्या नावाने बोटं मोडली. वडिलांनी काठीने चार ठिकाणी ठोकून पाहिलं आणि ताटावरून तसेच उठले. "सकाळी लाईन चालून बघू," एवढंच म्हणाले.

श्रीरामपूरजवळच्या आमच्या गावातून पूर्वी साखर कारखान्याची उसाची ट्राम जायची. वडील तिच्यावर गँगमन. रोज हातोड्याने रूळ ठोकत चालायचे. पुढे रूळ भंगारात गेले, मातीचा भराव तेवढा उरला. त्या उंच भरावावर मी हौसेने घर बांधलं. एकच गोष्ट टाळायची होती. ओढ्याचं पाणी जाण्यासाठी भरावाखाली दगडी मोरी होती. ओढा नांगरून शेतं झाली आणि मोरी मातीखाली गेली. घर त्या पोकळीवर येऊन चालणार नव्हतं. प्लॉट घेताना वडिलांनी नोकरीत असताना खुणेसाठी स्वतः रोवलेल्या रुळाच्या तुकड्यापासून पावलं मोजली होती. "मोरी अलीकडंच ऱ्हायली. घे बिनधास्त," म्हणाले होते.

सकाळी आम्ही इंजिनात पाणी भरायच्या पडक्या टाकीपासून निघालो; तिथून मोरीपर्यंतची पावलं वडिलांना पाठ होती. आभाळ खाली आलं होतं, वारा पूर्ण थांबला होता. वडिलांचं पाऊल अजून रुळांखालच्या स्लीपरच्या अंतरानेच पडतं. बाजारातही ते तसेच चालतात आणि आम्ही त्यांची थट्टा करतो. त्या दिवशी मला हसू आलं नाही. उसातून, गोठ्यामागून ते मोजत चालले आणि रुळाच्या तुकड्यापाशी अचानक थांबले.

"ह्यो हितं कसा? अजून साठ पावलं पायजेत."

शेजारचा शेतकरी बांधावर गवत कापत होता. "त्यो व्हय? मीच उपटून हिकडं रोवला, तात्या. तुमचं घर व्हायच्या लई आधी. बांधाला खूण पायजे हुती, अन् लाईन तर गेल्ती."

मला त्याची गचांडी धरावीशी वाटली. वडील पुढे मोजत निघाले. त्यांची पावलं आमच्या फाटकातून आत आली, स्वयंपाकघर ओलांडून मागच्या खोलीत गेली आणि संपली. तिथे माझी मुलगी फरशीवर पालथी पडून चित्र रंगवत होती.

"ऊठ बाळा. हळू ये," वडील म्हणाले. त्यांचा आवाज इतका मऊ होता की मी घाबरलो.

तिला बाहेर घेतलं आणि पाऊस कोसळायला लागला. थोड्या वेळाने फरशीखालून पाणी धावल्याचा आवाज आला, अगदी स्पष्ट. बायको मुलीला घट्ट धरून उभी होती. वडिलांनी ट्रंकेतून लाल फडकं काढलं. रूळ तुटला की गाडी थांबवायला दाखवायचे ते. त्यांनी ते खोलीच्या कडीला बांधलं.

"उभ्या नोकरीत माझ्या लाईनवर गाडी पडली न्हाई," ते म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता दारातच खाली बसले.