खिडकीत विसरलेली पट्टी

लग्नाला पाचवं वर्ष लागलं तेव्हा मी घरी तपासायच्या त्या पट्ट्या पहिल्यांदा आणल्या. आमच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्याची मुलगी मी शिकवते त्याच वर्गात होती, म्हणून मी शाळा सुटल्यावर स्कूटर काढून पार कोल्हापूरच्या दुसऱ्या टोकाला, राजारामपुरीत गेले. दुकानदारानं माझ्यापुढं प्रेग्नन्सी टेस्ट ठेवली. मी हळूच म्हटलं, "हे नको. कुठल्या दिवशी राहायची शक्यता आहे ते कळतं, ते द्या." त्यानं मागं वळून बायकोला हाक मारली, "अगं, ओव्ह्युलेशनचं किट हाय काय गं आपल्याकडं?" दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. मी खोकल्याच्या गोळ्यांच्या बरणीकडं बघत उभी राहिले.

माझी शाळा सकाळची. एक वाजता घरी आलं, जेवलं, की अडीचच्या सुमाराला लघवी एका छोट्या कपात घ्यायची, पट्टी बुडवायची आणि पाच मिनिटं थांबायचं. एक रेघ उठायचीच. दुसरीही बहुतेक वेळा पुसट दिसायची, पण तिला अर्थ नसतो. दुसरी पहिलीइतकी गडद झाली तरच पुढचा एखाददुसरा दिवस महत्त्वाचा. मी मुलांना गणित शिकवते, पण त्या दोन रेघांतली कुठली जास्त गडद हे ठरवता ठरवता माझी बुद्धी चालेनाशी व्हायची. मग मी फोटो काढून नवऱ्याला पाठवायचे. तो वारणानगरला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. त्याचं उत्तर एकाच शब्दाचं यायचं, "येतो."

असे सात महिने गेले. आठव्या महिन्यात माझ्या सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कोडोलीहून आमच्याकडं आल्या. मी त्यांना आत्या म्हणते. त्यांचं आणि माझं भांडण कधीच नव्हतं, पण माया म्हणावी असंही काही नव्हतं. आलं की त्या माझ्या पोटाकडं एकदा बघायच्या, मग स्वयंपाकघराकडं. तोंडानं त्या कधी काही बोलल्या नाहीत. मला वाटायचं, एकदा बोलून टाकावं त्यांनी.

ऑपरेशन चांगलं झालं. दिवसातनं चार वेळा डोळ्यात औषध घालायचं होतं आणि महिनाभर त्यांनी आमच्याकडंच राहायचं ठरलं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी माझ्या पट्टीवर दोन्ही रेघा गडद उठल्या. मी फोटो काढला, तेवढ्यात शाळेतनं फोन आला. पट्टी बाथरूमच्या खिडकीत तशीच राहिली.

संध्याकाळी मी पाण्याची बादली उचलायला वाकले तर आत्यांनी ती माझ्या हातातनं घेतली.

"ऱ्हाऊ दे. तू उचलू नगंस."

"आत्या, तुम्हाला वाकायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय."

"मला काय होतंय? मी हाय न्हवं? तू गप बस जा."

दुसऱ्या दिवशी शाळेतनं आले तर ताट वाढून तयार. माझ्यासाठी वेगळी कमी तिखटाची आमटी केली होती. अशी आमटी आमच्या घरात कुणी तोंडात घालत नाही. मी विचारलं, हे कशाला? तेव्हा त्या जवळ आल्या, दार बंद आहे की नाही ते बघितलं, आणि माझ्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, "मी बघितलं की. दोन रेघा. शेजारच्या सुनंनं दाखवलंतं मला, दोन उठल्या की समजायचं. डोळं झालं आणि पयलं हेच दिसलं बघ मला."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. आत्या, ती टेस्ट वेगळी असते. पण त्यांचा हात अजून माझ्या हनुवटीवर होता. पाच वर्षांत त्यांनी मला असा हात कधी लावला नव्हता. मी खाली बघितलं. त्यांना ते लाजणं वाटलं.

"त्याला सांगितलंस?"

"नाही अजून."

"नगंच सांगू. तीन म्हयनं जाऊ देत."

मी स्वतःची समजूत अशी घातली की दिवस तर बरोबर साधला आहे, पंधरा दिवसांत हे खरंच होईल. मग खोटं राहणारच नाही, फक्त थोडं लवकर बोललं गेलं असं होईल. आणि खरं सांगायचं तर मला ते सगळं आवडत होतं. सकाळी दूध हातात मिळायचं. शाळेतनं यायला दहा मिनिटं उशीर झाला तरी त्या जिन्यात उभ्या असायच्या. डोळ्यात औषध घालताना त्या मान मागं टाकून, डोळा उघडा ठेवून, पोराला काय खायला घालायचं ते सांगत राहायच्या, आणि मी थेंब मोजत "हो" म्हणायचे.

सोळाव्या दिवशी पाळी आली. दोन दिवस उशिरा आली होती आणि त्या दोन दिवसांत मीही मनातल्या मनात आई होऊन बसले होते. बाथरूममधनं बाहेर आले तेव्हा माझा चेहरा लपण्यासारखा नव्हता. आत्या लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि उठून उभ्या राहिल्या.

"गेलं?"

मी होकाराची मान हलवली. हे मी लिहितेय तरी अजून मला त्या मानेची लाज वाटते. नुसती हलवली.

त्यांनी मला पलंगावर निजवलं, पायावर चादर घातली आणि पायाशी बसून रडल्या. रडायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी उठून कापूस घेतला आणि त्यांचा डोळा टिपला. तेव्हा त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती, पाचव्या महिन्यातच. बांधाला पुरली. दुसऱ्या दिवशी त्या म्हशीची धार काढायला बसल्या, कारण घरात कुणी काही विचारलंच नाही.

"तुज्या मामंजींस्नीबी मी कवा बोलून दाखवलं न्हाय. कळंल तुला आता, म्हणून बोलतो." कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तसं, पुरुषासारखं.

मी त्यांचा हात धरून ते सगळं ऐकलं.

संध्याकाळी नवरा घरी आला. आईनं त्याला दारातच अडवून काही सांगितलं. तो आमच्या खोलीत आला, दार लावलं.

"आई काय म्हणतीय? कुठलं बाळ?"

मी सगळं सांगितलं. तो खुर्चीवर बसला आणि बराच वेळ बुटांच्या नाड्या सोडत राहिला. मग म्हणाला, "तिला सांग. आत्ता सांग."

"उद्या सांगते."

उद्या झालं, परवा झालं. त्यांनी मला डिंकाचे लाडू करून घातले, कंबरेला तेल लावलं. चार दिवस स्वयंपाकघरात पाय ठेवू दिला नाही. महिना संपला आणि त्या कोडोलीला गेल्या. त्यानंतर मी पट्टीचा फोटो पाठवला की नवऱ्याचं उत्तर यायला वेळ लागायचा. मग मीच पट्ट्या आणायचं बंद केलं.

दोन महिन्यांनी एका रविवारी मी एकटीच कोडोलीला गेले. आत्या घरामागच्या परड्यात शेंगा फोडत होत्या. मी समोर बसले, चार शेंगा फोडल्या आणि सांगून टाकलं. पट्टी कसली होती ते, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं ते, काहीच गेलं नव्हतं तेही.

त्यांचा हात थांबला नाही. शेंगा फुटत राहिल्या. मला वाटलं त्यांना नीट कळलं नसावं, म्हणून मी पुन्हा सांगायला लागले.

"कळलं मला," त्या म्हणाल्या. "म्हंजे नव्हतंच काय."

"नव्हतं."

"मग मी रडलो ते कुणासाठी गं?"

मी हातातली शेंग खाली ठेवली. म्हटलं, "चुकलं माझं, आत्या."

"चुकलं तर चुकलं. पर माज्या पोरीचं मी तुला सांगून बसलो की." त्यांनी टरफलं सुपात गोळा केली आणि उठल्या. जेवायला वाढलं, पण समोर बसल्या नाहीत. निघताना दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "चंदगडला लेकीला मी पोर गेल्याचं फोनवर सांगितलंतं. तिला तू काय बोलू नगंस. मी बघतो काय सांगायचं ते."

मला वाटलं, त्या तिला खरं सांगतील. मी ते सोसायची तयारी केली होती.

गेल्या वर्षी नणंदेच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. आम्ही सगळे चंदगडला गेलो. आम्ही आता डॉक्टरांचे उपचार घेतो, अजून काही राहिलेलं नाही. पंगत उठल्यावर नणंदेच्या सासरकडच्या एक बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "एकदा राहिलंतं न्हवं, म्हंजे पुन्हा राहतंय बघ. वाईट वाटून घेऊ नको." दोघीतिघी माना हलवून हो म्हणाल्या. म्हणजे आत्यांनी कुणालाच खरं काय ते सांगितलं नव्हतं. कधी खोटं न बोललेली ती बाई माझ्यासाठी इतके दिवस गप्प राहिली होती.

मी त्यांच्याकडं बघितलं. त्या समोर पत्रावळ्या गोळा करत होत्या. त्यांनी माझ्याकडं न बघताच त्या बाईंना मोठ्यांदा हाक मारली, "ओ पावणं, चहा झाला का न्हाय तुमचा? चला की आत." त्या बाई उठून गेल्या. मी तिथंच बसून राहिले, पाठीवर अजून त्या बाईंच्या हाताची ऊब होती, आणि ती माझ्या हक्काची नव्हती.