घरात माणसं किती

अगाफियामावशी आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. आमच्या द्रोकिया शहरातल्या साखर कारखान्यात बीट धुण्याच्या हौदावर तिने एकतीस वर्षं काढली होती. बोटं वाकडी झालेली, पण आवाज खणखणीत. नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा, तिमोफेई, मॉस्कोला बांधकामावर गेला. पहिली दोन वर्षं दर रविवारी त्याचा फोन यायचा, पुढे महिन्याने, आणि मग येईनासाच झाला.

घरं तापवायच्या गॅसचे दर भडकले तेव्हा सरकारने मदत जाहीर केली. घरात कोण कोण, कमाई किती, ते अर्जात भरायचं आणि त्यावरून बिलात सूट. मी वाचनालयात कामाला, त्यामुळे आमच्या जिन्यातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे अर्ज मीच संगणकावर भरले.

"घरात माणसं किती, मावशी?"

"दोन."

"अहो, तुम्ही एकट्याच राहता."

"तिमोफेईचं नाव याच पत्त्यावर आहे ना? मग दोन. तू टाईप कर, डोकं लावू नकोस."

केलं टाईप. कमावत्या वयाचा मुलगा, तोही परदेशात, म्हटल्यावर सूट मिळाली ती अगदी नावापुरती. मावशीने मग फक्त स्वयंपाकघर तापवायला घेतलं. तिथल्याच बाकावर कोट घालून झोपायची.

"तो इथे राहत नाही, एवढंच लिहून द्यायचंय," मी चिडून म्हणाले.

"आणि उद्या दारात उभा राहिला तर? गॅस स्वस्त मिळावा म्हणून तुला घरातून काढलं, असं सांगू?"

दुसऱ्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. तीन आठवडे इस्पितळात होती. घरी आल्यावर चौथ्या दिवशी तिने स्वतःच माझं दार वाजवलं. डोक्याला सणासुदीचा रुमाल होता.

"चल, नगरपालिकेत जाऊ. धाप लागायच्या आत."

तिथल्या अर्जांच्या खिडकीत कोर्नेलिया नावाची तरुण मुलगी होती. तिने विचारलं, "आजी, मुलगा कधीपासून राहत नाही?"

"पाच वर्षं त्याचा आवाज नाही."

"सध्याचा पत्ता?"

"पत्ता असता तर तुझ्याकडे कशाला आले असते, पोरी?"

कोर्नेलियाने मान खाली घातली आणि कागद पुढे सरकवला. मावशीने एकेक अक्षर कोरल्यासारखी सही केली. बाहेर आल्यावर ती पायरीवरच बसली.

"लिडा, आईनं असं करू नये गं."

 मी तिच्या शेजारी बसले.

सूट वाढली. घर उबदार झालं, खोकला गेला. पण मावशी बोलायचीच कमी झाली. मी वर गेले की म्हणायची, "बस, गरम आहे ना?" आणि खिडकीबाहेर बघत राहायची.

ईस्टरनंतर शेजारच्या गावचा एक माणूस तिला शोधत आला. तिमोफेईबरोबर कामाला होता. तिने मलाही बोलावून घेतलं. त्याला आधी कोंबडीचं सूप आणि मक्याच्या पिठाची मामालिगा वाढली, मग म्हणाली, "आता सांग."

तिमोफेई परांचीवरून पडला होता, पाच वर्षांपूर्वी. सगळेच बिनपरवान्याने कामाला होते. ठेकेदाराने त्याला गुपचूप पुरलं आणि सगळ्यांना तोंड बंद ठेवायला सांगितलं.

"घाबरलो, मावशी," तो म्हणाला आणि चमचा खाली ठेवून रडायला लागला.

"जेव आधी," ती म्हणाली. त्याचं जेवण झाल्यावर विचारलं, "थंडी होती का तेव्हा?"

"जानेवारी होता."

तो गेल्यावर तिने माझा हात धरला. "म्हणजे मी सही केली तेव्हा तो नव्हताच?"

"नव्हता, मावशी."

"मग मी नाही ना त्याला काढलं?"

"नाही."

तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

शनिवारी ती चर्चमध्ये द्यायची चिठ्ठी घेऊन खाली आली. पाद्री प्रार्थनेत नावं वाचतात ना, ती चिठ्ठी. एका बाजूला हयात माणसं, दुसऱ्या बाजूला गेलेली. गेलेल्यांमध्ये आई, वडील आणि नवरा तिने लिहिले होते. पुढे हात चालेना.

"तू लिही. तुझं अक्षर चांगलं आहे."

मी लिहिलं, तिमोफेई. तिने चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून वाचली. हयात माणसांच्या बाजूला कुणीच नव्हतं.

"ही बाजू अशी रिकामी नको दिसायला," ती म्हणाली. "इथे तुझं नाव लिही."