डॉक्टरांना कुठे दुखतं

आमचे डॉक्टर केरळातून लालबागला आले तेव्हा गिरण्या चालू होत्या. चाळीच्या तळमजल्यावर त्यांनी दवाखाना टाकला, मागच्या खोलीत संसार मांडला आणि मग कुठे गेलेच नाहीत. मी तिथे केर काढायची, पेशंटना नंबरानं आत सोडायची. चौथीच्या पुढे मी शिकले नाही, पण तेवढ्या कामाला ते पुरायचं. पेशंट सगळे कोकणातले, म्हणून डॉक्टर मालवणी शिकले आणि आमच्यापेक्षा मोठ्यानं बोलायला लागले. "मेल्या, रात्री सुकट खाल्लंस, मगे पोट दुखतलां नाय तर काय हसतलां?" बाहेर बाकावरचे हसायचे आणि आपला नंबर आला की घाबरायचे.

गेल्या वर्षी त्यांचं उजवं अंग लुळं पडलं. त्याबरोबर मालवणी गेली, मराठी गेली, इंग्रजीसुद्धा गेलं. लहानपणची भाषा तेवढी राहिली. ती आमच्यात कोणालाच येत नाही. त्यांची बायको इथलीच होती, ती वारली. मुलानं घरात मराठीच ऐकलेली. तो परदेशातून व्हिडिओवर बघतो आणि रडवेला होतो. "मावशी, बाबा काय म्हणतात?" मला काय कळणार?

संध्याकाळ झाली की ते कण्हायला लागतात. तपासायला येणारे तरुण डॉक्टर म्हणाले, नेमकं कुठे दुखतं ते कळलं तर काही करता येईल. पण हात लावू तिथे ते सारखेच ओरडतात. मधेच माझ्याकडे बघून काहीतरी विचारतात, रोज तेच, आणि उत्तराची वाट बघतात. शेजारीण म्हणाली, "केरळचे ना गो, शहाळं मागत असतील." शहाळं आणलं, त्यांनी मान फिरवली. देवाचा फोटो धरून बघितला. पंखा लावला, बंद केला.

त्यात लोक अजून तापलेली पोरं घेऊन येतात. डॉक्टरांना हातगुण आहे, त्यांनी मनगट धरलं की ताप उतरतो, असं आमच्याकडे सगळेच मानतात. नाही म्हणायला माझी जीभ उचलत नाही. डॉक्टर डाव्या हातानं नाडी धरतात. तेवढा वेळ कण्हत नाहीत.

परवा चाळीतल्या एका मुलीनं परळच्या हॉस्पिटलातली केरळची नर्स आणली. ती त्यांच्या भाषेत बोलली तेव्हा डॉक्टरांचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता सुटलो.

"काय मागतात गं?"

"कुछ नहीं माँगता, आंटी. तुमको पूछता है, किधर दुखता है, कब से दुखता है."

"अगं, त्यांना विचार ना, त्यांना कुठे दुखतं!"

तिनं विचारलं. परत विचारलं. डॉक्टर तिच्यावर चिडले. तिनं हसू आवरलं.

"बोलता है, पेशंट बाहर बैठा है, टाइम मत खाओ."

ती गेल्यावर ते पुन्हा कण्हायला लागले आणि मला तेच विचारलं. मी गुडघा दाखवला. त्यांनी तो दाबून बघितला, काहीतरी सांगितलं, बहुतेक औषध असेल. मी मान हलवली. जरा वेळ शांत होते. मग परत सुरू झालं. मी दुसरा गुडघा दाखवला. मग पाठ.

मुलाचा फोन आला तेव्हा माझा खांदा त्यांच्या हातात होता.

"मावशी, कळलं का कुठे दुखतं?"

"नाही रे बाबा," म्हटलं.