कोळशाच्या वरची काळी माती

"मे महिन्यात वणीला? कोणी जातं का?" असं घरातल्या प्रत्येकाने विचारलं, त्यामुळे जायचं पक्कं झालं.

कारणही होतं. माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, चार एकर शेत उघड्या कोळसा खाणीत जाणार होतं. भाऊजी रेल्वेत होते. भुसावळहून बदली होऊन तिकडे गेले आणि निवृत्तीनंतर तिथेच जमीन घेऊन राहिले. ते वारल्यापासून अक्का एकटीच शेत पाहते. "ताबा द्याले आठ दिवस राह्यले, ये," एवढाच तिचा फोन. मला वाटलं, रडायला सोबत हवी असेल. मी चार रुमाल जास्तीचे घेतले.

फैजपूरहून भुसावळ, तिथून रेल्वेने वर्धा, मग वरोरा आणि पुढे एसटी. एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट, त्याचा फायदा घ्या. पाण्याच्या दोन बाटल्या पुरत नाहीत, चार घ्या. भुसावळ सुटलं की दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. समोरून कोळशाच्या मालगाड्या येत होत्या आणि त्या जिथून भरून येतात तिकडेच मी निघाले होते. इतकी वर्षं बटण दाबून पंखा लावला, पण ही दिशा कधी मनात आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला अक्का मला गावामागच्या टेकाडावर घेऊन गेली. खाणीच्या काठावर जाऊ देत नाहीत आणि जाऊही नये, पण इथून सगळं दिसतं. समोर गावाएवढा खड्डा, पायऱ्या पायऱ्यांनी खाली गेलेला. वर काळ्या मातीची पट्टी, तिच्याखाली पिवळी माती, मग तांबूस वाळूचा खडक आणि अगदी तळाशी कोळसा. आपल्या खानदेशात विहीर खोदा नाहीतर घाट फोडा, लाव्हाचा काळा पाषाण काही संपत नाही. इथे मात्र त्या लाव्हाच्याही आधीच्या नद्यांची वाळू होती आणि तिच्याखाली गाडलेली त्याहून जुनी जंगलं. एका कोपऱ्यात कोळसा आपोआप धुमसत होता. भुसावळच्या उन्हात वाढलेल्या मला ऊन नवं नाही, पण आमच्याकडे निदान केळीच्या बागेत शिरता येतं. इथे नऊ वाजताच खड्ड्यातून झळा यायला लागल्या आणि आडोशाला एक विलायती बाभूळ.

"आपण कशावर उभ्या हाय, माहीत हाय का?" अक्काने विचारलं.

"टेकडीवर."

"टेकडी नोय व. खाणीतून काढेल ढिगारा हाय हा. वरची माती पयले निघते, म्हनून ती खाली गेली. तिच्या उरावर हे बठ्ठे दगडं."

मला संताप आला. फैजपूरला आबा, म्हणजे आमचे वडील, विहीर खणायचे तेव्हा पहिला नियम हाच होता. काळी माती वेगळी काढायची, तिच्यावर मुरुमाची एक पाटीसुद्धा पडू द्यायची नाही. काळी शेतात, मुरूम रस्त्याला, दगड बांधाला. कोणी चुकून मुरूम मिसळला तर आबा जेवणावरून उठवून तो वेचायला लावायचे. आणि इथे ती माती पार तळाशी गाडलेली.

"म्हनून तुले बलावलं," अक्का म्हणाली. "शेत नेतीन. माती मी नेते."

गावाच्या दुसऱ्या टोकाला तिची दीड एकर बरड जमीन आहे, नुसती गोटाळी. त्यावर ही माती पसरायचा तिचा बेत. जेसीबी आणि ट्रॅक्टर ठरलेले होते आणि मला फावडं मिळालं. मी उत्साहाने एक कोपरा खोल खणून ट्रॉलीत टाकला, तर अक्काने हाताने चाचपून पाहिलं आणि अख्खी ट्रॉली परत खाली करायला लावली.

"पिवळी आली हिच्यात. आबा असते तं तुले उपाशी ठेवलं असतं."

पन्नाशीच्या बाईला ट्रॅक्टरवाल्यासमोर असं बोलणं! पण तिचं खरं होतं. पुढचे तीन दिवस मी पिवळी दिसली की हात आवरत होते. दुपारी ज्वारीची भाकरी, ठेचा आणि तासभर झोप.

तिसऱ्या दिवशी खाणीचा मोजणीवाला तरुण मोटरसायकलवरून आला. हातात कागद.

"काकू, हे बंद करा. जमीन खाणीला जाणार आहे."

"जाईन तवा जाईन. ताबा देला का मी?"

"नाही, पण माती नेऊन काय करणार तुम्ही? खाणीला कोळसा पाहिजे. माती तर तसंही फेकतातच."

"मंग फेकाच्या आंधी मले नेऊ दे."

त्याने कागदाची घडी घातली. साहेबांना सांगतो म्हणाला आणि गेला. जेसीबीवाल्याने मशीन बंद केलं होतं. अक्का त्याच्यावर ओरडली, "तुले कोनं थांबाले सांगतलं?"

मी पाचव्या दिवशी परत निघाले. रुमाल कोरेच राहिले, तळहातांना मात्र फोड. घरी आल्यावर सगळ्यांनी विचारलं, काय पाहिलं? खड्डा पाहिला, म्हटलं, आणि माझी बहीण पाहिली.

परवा तिचा फोन आला. ताबा गेला. चारपैकी दोनच एकरांची माती निघाली, मग खाणवाल्यांनी ट्रॅक्टरच्या वाटेवर चर खणला. बरडावर फूटभर थर झालाय आणि तिला फैजपूरहून केळीचे कंद हवेत. मी सोमवारी पाठवतेय. तिचं शेत गेलं याचं मला वाईट वाटतं, आणि अर्धी माती तिथेच राहिली याचा राग जात नाही.

"तो मोटरसायकलवाला आल्ता," ती म्हणाली.

"आता काय कागद?"

"कागद नोय. ट्रॅक्टरवाल्याचा नंबर मांगत होता. त्याच्या सासऱ्याचं वावर पुढच्या टप्प्यात हाय."

"दिलास?"

"देला. पन त्याले सांगतलं, पिवळी लागली का थांबजो."