दीपतेलाचा नवा नियम

तंजावूरच्या मानंबुचावडीत राहणारी लक्ष्मीप्रिया वीज कार्यालयात नोकरी करते. तिच्या अंगी एक गुण विशेष आहे. काम कोणतेही असो, ते आपल्या हातून होईल की नाही, अशी शंका तिच्या मनाला शिवत नाही. मोबाइलवरच्या एका जादुई राज्याच्या खेळातही याच गुणावर ती आपल्या संघाची प्रमुख झाली.

संघ म्हणजे घरचीच चार माणसे. ती स्वतः, ओरत्तनाडूला राहणारी तिची वहिनी वत्सला, कोइमतूरला नोकरी करणारा चुलतभाऊ वादिराज आणि पापनाशमचे अनिरुद्धकाका. खेळताना चौघे फोनवर एकत्र बोलत. वादिराजचा दिवस तमिळ आणि इंग्रजीत जाई. मराठी त्याच्या तोंडी येई ती या खेळापुरतीच. म्हणून हा संघ टिकलाच पाहिजे, असे लक्ष्मीप्रियेने मनाशी धरले होते.

पूर्वी या खेळात एकच खेळाडू रानातून मुळ्या खणू शके, त्या कुटू शके आणि त्यांचे दीपतेलही काढू शके. लक्ष्मीप्रिया एकटीच सर्वांना पुरवीत असे. पुढे चालकांनी नियम बदलले. आता एका खेळाडूला एका दिवशी एकच कसब. एकाने खणावे, दुसऱ्याने कुटावे, तिसऱ्याने कढवावे आणि चौथ्याने कुपीत भरून मोहोर लावावी. त्यातही खणलेली निळी मुळी थोड्याच वेळात सुकून वाया जाई. रविवारी खेळातला सूर्य मावळेपर्यंत ज्या संघाला स्वतःचे दीपतेल करता येणार नाही, तो संघ मोडून त्याचे खेळाडू मोठ्या संघांत वाटले जाणार होते.

"अक्का, आपणच मोठ्या संघात जाऊ या," वादिराज म्हणाला. "तेथे दोनशे जण आहेत."

"त्या दोनशेंत तुला 'अरे वादी' म्हणून कोण हाक मारील? राहा येथेच. तेल होणार."

कामे वाटताना तिने घरची रीत पाळली. पहिला मान वडीलधाऱ्यांचा, म्हणून खणणे काकांकडे दिले. शनिवारी काकांनी पिशवीभर मुळ्या खणल्या. मग त्या पुढे देण्याऐवजी, आपण ते रान कसे शोधले, वाटेत अस्वल कसे आडवे आले, हे ते सावकाश सांगू लागले. तिघेही "हो काका, हो काका" करीत ऐकत राहिले. वडीलधाऱ्यांना "लवकर द्या" असे म्हणायला कोणाची जीभ रेटेना. अस्वलाची गोष्ट संपली, तेव्हा पिशवीत नुसत्या काड्या उरल्या होत्या.

"सरि, ठीक आहे, आजचे तेल अस्वलाने प्याले," वादिराज म्हणाला.

"गप रे!" वत्सलावहिनी हसू दाबत म्हणाली. "वन्सं, आता कसे करायचे?"

लक्ष्मीप्रिया डगमगली नाही. तिने सरळ विचारले, "काका, घरी कार्य असले की तुम्ही पानावर केव्हा येता?"

"स्वयंपाक झाल्यावर."

"मग येथे चुलीआधी तुम्ही का? उद्या वादी खणील, वहिनी कुटेल, मी कढवीन. मोहोर तुमची."

"म्हणजे मला शेवटी बसवतेस होय गं?"

"मोहोर काय वादीच्या हातची लावू?"

काका म्हणाले, "नको. त्याला साधे झाकण लावता येत नाही."

रविवारी दुपारीच चौघे बसले. वादिराजने मुळ्या खणल्या नि तत्काळ पुढे दिल्या. वहिनीने कुटल्या. लक्ष्मीप्रियेने कढई चढवली. पहिला घाणा करपला, दुसरा साधला. खेळातला सूर्य डोंगराला टेकत असताना तेल काकांच्या हाती पोचले.

"अरे, रंग तर पाहा याचा!" काका म्हणाले. "असा रंग मी पूर्वी एकदा..."

"काका, आधी मोहोर."

या घरात काकांना असे मध्येच कोणी तोडले नव्हते. लक्ष्मीप्रियेने शब्द मागे घेतला नाही.

पडद्यावर लाल मोहोर उमटली. संघाच्या नावापुढे दिवा लागला.

"लावली," काका म्हणाले. "आता बोलू का, प्रमुखबाई?"

"आता बोला."

"असा रंग मी पूर्वी एकदा..." त्यांनी सुरुवात केली, आणि वादिराजने विचारले, "कोठे, काका?"