एक मात्रा जास्त

मुक्ताचं ते पहिलंच जाहीर गाणं, आणि ऐन तानेत तिचा हिशेब चुकला. पुढच्या रांगेतले जाणकार मांडीवर बोटांनी ताल मोजत बसले होते. त्यांची बोटं थबकली. गाणं आणि तबला जिथे एकत्र येऊन टेकतात, ती सम आता हुकणार होती.

तबल्याला सदाकाका होते. ठरल्या जागी त्यांनी खणखणीत थाप दिली असती, तर तिची चूक सगळ्यांना ऐकू गेली असती, आणि त्यांना कुणी नावं ठेवली नसती. पण त्यांनी बोल किंचित लांबवले, तिच्याकडे बघून मान हलवली आणि ती पोचली तेव्हाच समेवर उतरले. तिचे ताठरलेले खांदे सैल झाले. पुढची तान मोकळी निघाली.

हात तयार व्हावा म्हणून रियाज असतो, गुरू असतात, परीक्षा असतात. तो हात कधी आवरायचा, हे कुठली परीक्षा विचारते? आपण अशा आवरण्याला नुसतं 'स्वभावाने चांगले आहेत हो' म्हणतो आणि कलेच्या बाहेर काढतो. मला चीड येते त्याची.

मध्यंतरात चहा घेताना एक जाणकार हसून म्हणाले, "सदाभाऊ, आज एक मात्रा जास्त झाली की तुमची!"

शेजारी उभ्या मुक्ताने हातातला कप खाली ठेवला.

"झाली खरी," काका म्हणाले. "माझंच लक्ष नव्हतं."